उपग्रह स्थाननिश्चिती आणि भूकंप-त्सुनामीची पूर्वसूचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीपीएसमुळे भूकंप होणार हे आधीच कळते का?

नाही. भूकंप कधी होईल हे आजच्या घडीला कुठलेच उपकरण सांगत नाही. पूर्वसूचना म्हणजे भाकीत नव्हे. भूकंप सुरू झालेला असतो, जमीन एका ठिकाणी फाटू लागलेली असते, आणि हादरा किंवा लाट तुमच्यापर्यंत पोहोचायला अजून थोडा वेळ असतो. त्या वेळात निरोप पोहोचवणे म्हणजे पूर्वसूचना. हादऱ्याच्या बाबतीत हा वेळ काही सेकंद ते दीड मिनिट असतो, त्सुनामीच्या बाबतीत काही मिनिटे ते काही तास.

मग उपग्रह यात नेमके काय करतात? ते वरून जमीन बघतात का?

बघत नाहीत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त रेडिओ संकेत पाठवत असतात. अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू, जपानचे क्यूझेडएसएस आणि आपले नाविक या सगळ्यांना मिळून जीएनएसएस म्हणतात. जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबावरचा अँटेना हे संकेत पकडतो आणि त्यावरून अँटेनाची जागा दर सेकंदाला काढली जाते. जमीन सरकली की खांब सरकतो, खांबाबरोबर अँटेना. किती सेंटिमीटर आणि कोणत्या दिशेला, एवढेच मोजायचे असते. उपग्रहांनी आकाशात ताणून धरलेली ही मोजपट्टी आहे म्हणा.

भूकंपमापक असताना ही वेगळी मोजपट्टी कशाला हवी?

लहान आणि मध्यम भूकंपांसाठी नकोच. अडचण येते ती प्रचंड भूकंपात, आणि त्सुनामी आणणारे बहुतेक भूकंप त्याच जातीचे असतात.

जपानमधले ११ मार्च २०११ चे उदाहरण घ्या. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी तोहोकूच्या किनाऱ्यासमोर जमीन फाटली. तीन मिनिटांत जपानच्या हवामान संस्थेने त्सुनामीचा इशारा दिला. वेगाच्या बाबतीत तक्रारीला जागाच नाही. पण त्या क्षणी हाती असलेला भूकंपाचा आकडा ७.९ होता आणि प्रत्यक्ष भूकंप ९.० चा होता. या मापनात एका अंकाने वर जाणे म्हणजे ऊर्जा सुमारे ३२ पट, म्हणजे ७.९ आणि ९.० यांत जवळपास ४५ पटींचा फरक. त्या चुकीच्या आकड्यावरून मियागीसाठी ६ मीटर आणि इवाते व फुकुशिमासाठी ३ मीटर लाटेचा अंदाज गेला. ३ वाजून १४ मिनिटांनी तो मियागीसाठी १० मीटर आणि त्याहून जास्त, इतर दोघांसाठी ६ मीटर असा वाढवला. पण तोवर वीज आणि दूरध्वनी अनेक ठिकाणी बंद पडले होते. “तीन मीटरच आहे, बंधारा पुरेसा आहे” असे समजून थांबलेल्यांपर्यंत दुसरा निरोप पोहोचला असेलच, याची खात्री कोण देणार?

चूक दोन कारणांनी झाली. झटपट काढलेला आकडा भूकंपलहरींच्या उंचीवर अवलंबून असतो आणि ८ च्या आसपास ती उंची वाढायची थांबते. जमीन मग जास्त वेळ आणि जास्त लांबीवर फाटते, पण लेखणी जास्त हलत नाही. याला मापन संपृक्त होणे म्हणतात. दुसरे म्हणजे, खरा आकडा काढायला लागणारे जपानमधले संवेदनशील भूकंपमापक हादऱ्याने मर्यादेपलीकडे गेले. परदेशांतल्या नोंदी गोळा करून ८.८ हा आकडा यायला तास उजाडला.

त्याच वेळी जपानच्या सुमारे १,३०० जीएनएसएस स्थानकांच्या जाळ्यात, म्हणजे जिओनेटमध्ये, उत्तर नोंदले जात होते. ओशिका द्वीपकल्पावरचे स्थानक ५.३ मीटर सरकले आणि १.२ मीटर खचले. त्या नोंदी नंतर जशा आल्या तशा क्रमाने चालवून पाहिल्यावर पाच मिनिटांच्या आत ८.७ हा आकडा मिळाला. माहिती होती, ती वेळेत वापरणारी यंत्रणा नव्हती. ती पुढे ‘रिगार्ड’ या नावाने तयार झाली आणि २०१६ पासून चालवली जाते. त्याच एप्रिलमधल्या कुमामोतोच्या भूकंपात तिने सुमारे एका मिनिटात ७.० च्या जवळचा बरोबर आकडा दिला.

त्वरणमापक, म्हणजे जमिनीच्या वेगातला बदल मोजणारी उपकरणे, तर मर्यादेपलीकडे जात नाहीत. त्यांच्या नोंदीवरून सरकणे काढता येत नाही का?

कागदावर येते. त्वरणाचे दोनदा संकलन (इंटिग्रेशन) केले की विस्थापन, म्हणजे मूळ जागेपासून सरकणे, मिळते. घोळ होतो तो उपकरण किंचित कलल्यामुळे. हादऱ्यात पाया एक हजारांश रेडियन, म्हणजे एका मीटरला एक मिलिमीटर कलला, तरी गुरुत्वाकर्षणाचा छोटा अंश आडव्या दिशेचे त्वरण म्हणून नोंदला जातो: ०.००९८ मीटर प्रति सेकंद वर्ग. साठ सेकंद दोनदा संकलन करा, १७ मीटरपेक्षा जास्त खोटे विस्थापन हाती येते. कल त्याच्या शंभराव्या भागाइतका असला तरी १७ सेंटिमीटर. म्हणून ‘शेवटी जमीन किती सरकली’ या प्रश्नाला त्वरणमापकावर विसंबून उत्तर देऊ नये. जीएनएसएस थेट जागा मोजते, तिला संकलन करावेच लागत नाही.

दोन्ही एकाच खांबावर बसवणे सगळ्यांत चांगले. त्वरणमापक सेकंदाला १०० ते २०० वेळा मोजतो आणि पहिली बारीक थरथर पकडतो. जीएनएसएस त्याचा भटकलेला आलेख जागेवर आणते.

माझ्या फोनचा जीपीएस तीन-चार मीटर चुकतो. यांना सेंटिमीटर कसे मिळतात?

फोन मुख्यतः संकेतात लिहिलेला सांकेतिक क्रम वापरतो. ही स्थानके खुद्द वाहक लहर मोजतात. जीपीएसच्या एल१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते आणि चांगला ग्राहक (संकेत पकडणारा संच, रिसीव्हर) तिचा शंभरावा भाग ओळखतो, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर. मात्र उपग्रह आणि अँटेना यांच्यामध्ये अशा पूर्ण लहरी किती आहेत हे आधी सोडवावे लागते. शिवाय उपग्रहांच्या घड्याळांच्या आणि कक्षांच्या दुरुस्त्या त्याच क्षणी मिळाव्या लागतात. दोन वारंवारिता वापरून आयनांबरामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, होणारा उशीर काढून टाकतात. एवढे केल्यावर प्रत्यक्ष वेळेत आडवी चूक एक ते तीन सेंटिमीटर राहते, उभी त्याच्या दोन-तीन पट.

या पद्धतीची एक खोड लक्षात ठेवा. स्थानकाचा संपर्क तुटून परत आला तर लहरींचा हिशेब पुन्हा जुळायला पंधरा ते तीस मिनिटे लागू शकतात. त्या वेळात ते स्थानक भूकंपासाठी नसल्यात जमा.

सरकण्यावरून भूकंपाचा आकडा कसा काढतात?

सगळ्यांत जलद पद्धत ‘कमाल विस्थापना’ची. प्रत्येक स्थानक मूळ जागेपासून जास्तीत जास्त किती सेंटिमीटर दूर गेले (वि) आणि ते भूकंपाच्या नाभीपासून, म्हणजे जमिनीखाली फाट जिथे सुरू झाली तिथून, किती किलोमीटरवर आहे (अं), एवढे दोन आकडे लागतात. जगभरच्या मोठ्या भूकंपांवरून बसवलेले एक प्रचलित सूत्र असे:

लॉग(वि) = −४.४३४ + १.०४७ × म − ०.१३८ × म × लॉग(अं)

येथे ‘म’ म्हणजे भूकंपाचा आकडा आणि लॉग दशमान. १५० किलोमीटरवरच्या स्थानकासाठी मांडून बघा. ६ च्या भूकंपाला जेमतेम १ सेंटिमीटर, ७ ला ६ सेंटिमीटर, ८ ला ३५ सेंटिमीटर आणि ९ ला १९३ सेंटिमीटर. आकडा वाढत गेला तरी विस्थापन वाढायचे थांबत नाही, हीच या पद्धतीची सारी किंमत. आणि खालच्या टोकाला तिची मर्यादाही दिसते: ६ चा भूकंप उपकरणाच्या गोंगाटात बुडून जातो.

दुसरी पद्धत थोडी सावकाश, पण त्सुनामीसाठी जास्त कामाची. हादरे ओसरल्यावर प्रत्येक स्थानक कायमचे किती सरकले ते घेतात आणि त्यावरून कोणत्या प्रतलावर किती लांबीत किती घसरण झाली ते उलट गणिताने काढतात. समुद्रतळ उचलला गेला की नाही, हे इथून कळते. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ चा भूकंप झाला. भारतासह अनेक देशांत इशारे गेले, पण मोठी लाट आली नाही. जमिनीचे तुकडे एकमेकांना घासून आडवे सरकले होते, पाणी फारसे उचलले गेलेच नाही. नुसत्या आकड्याच्या मागे धावले तर असे हेलपाटे होतात.

भूकंपापासून इशाऱ्यापर्यंत क्रम कसा असतो?

पहिली सूचना भूकंपमापकच देतो. भूकंपाच्या सगळ्यांत वेगवान लहरी, म्हणजे पी लहरी, सेकंदाला सहा-सात किलोमीटर धावतात. त्यांच्यावरून केंद्र आणि कच्चा आकडा ठरतो. जीएनएसएसला हे केंद्र आयते मिळते. जोरदार हादरा देणाऱ्या एस लहरी सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे १५० किलोमीटरवरच्या स्थानकाला खरे विस्थापन सुमारे ४३ सेकंदांनी दिसू लागते. निदान तीन-चार स्थानके ठरलेल्या मर्यादेच्या वर हलली की आकडा काढायला सुरुवात होते आणि तो दर सेकंदाला सुधारत जातो. मग घसरणीचे चित्र, त्यावरून आधीच गणित करून ठेवलेल्या हजारो त्सुनामी-प्रसंगांतला जवळचा प्रसंग निवडणे, आणि किनाऱ्यानुसार इशारा. पुढे समुद्रतळावरचे दाबमापक आणि बंदरांतले भरतीमापक लाट खरेच आली का ते सांगतात.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘शेकअलर्ट’मध्ये २०२४ पासून कमाल विस्थापनाची पद्धत भूकंपमापकांच्या जोडीला घेतली आहे. जोडीला, त्यांच्या जागी नव्हे.

एका मिनिटात अंतिम आकडा मिळेल, असे म्हणता येईल का?

कुणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर जमीन फाटली. फाट सेकंदाला अडीच किलोमीटरच्या वेगाने पुढे गेली असे धरले तरी आठ-नऊ मिनिटे होतात. पहिल्या मिनिटाला तो भूकंप ९.१ चा नव्हताच, होत होता. त्या दिवशी पॅसिफिक त्सुनामी केंद्राच्या पहिल्या पत्रकात आकडा ८.० होता, सुमारे तासाभराने ८.५ झाला आणि ९ च्या घरात जायला आणखी काही तास गेले. उपलब्ध जीपीएस नोंदी तेव्हा लगेच हाती असत्या तर पंधरा मिनिटांत ९.० कळले असते, हे नंतरच्या गणिताने दाखवले. चेन्नईला लाट पोहोचायला अडीच तासांहून जास्त लागले होते.

भारतात ही व्यवस्था आहे का?

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र ऑक्टोबर २००७ पासून चालते. हिंदी महासागरातल्या देशांना सूचना देणाऱ्या तीन केंद्रांपैकी ते एक. दुसरी दोन ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियात. अपेक्षित लाट २ मीटरपेक्षा जास्त असेल तर सर्वांत वरचा इशारा, अर्धा ते २ मीटर असेल तर त्याखालचा, आणि ०.२ ते ०.५ मीटरला फक्त लक्ष ठेवण्याची सूचना अशा तीन पायऱ्या आहेत. अंदमान-निकोबार बेटांवर या केंद्राने जीएनएसएस आणि त्वरणमापक एकत्र असलेल्या सुमारे ३५ स्थानकांचे जाळे उभारले आहे. जागा अचूक निवडली आहे, कारण भूपट्ट जिथे खाली सरकतो ती गर्ता या बेटांना खेटून जाते. २००४ मध्ये ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची, जमीन चार मीटरहून जास्त खचली. असे सरकणे पकडायला स्थानकाला फार हुशारी लागत नाही. त्याने त्या क्षणी चालू असणे पुरते.

चालू राहणेच अवघड का असते?

कारण भूकंप दहा वर्षांनी येतो आणि पाऊस दरवर्षी. नेहमीची दुखणी अशी.

वीज पहिली. ग्राहकाला सुमारे ५ वॅट पुरतात, पण उपग्रह-संपर्काचा संच धरून ३० वॅट होतात असे माना. दिवसाला ७२० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ६० अँपिअर-तास. पाच दिवस ऊन नाही असे धरले तर ३००; आणि शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये म्हणून ६०० अँपिअर-तास बसवाव्या लागतात. पावसाळ्यात कामाचे ऊन तीन तास आणि एकूण कार्यक्षमता ७० टक्के धरली तर साधारण ३५० वॅटचे सौर पॅनेल लागते, ४०० घ्यावे. बहुतेक ठिकाणी हिशेब नुसत्या ग्राहकाचा केलेला असतो आणि जुलैत स्थानक मरते.

दुसरा पाया. इमारतीच्या गच्चीवर अँटेना ठोकणे स्वस्त पडते, पण मग इमारतीचे डोलणे मोजले जाते. खडकात खोल रोवलेले तिरपे पाय किंवा काँक्रीटचा खांब हवा, आणि क्षितिजापासून दहा अंशांच्या वरचे आकाश मोकळे हवे. जवळचा पत्रा किंवा पाण्याची टाकी संकेत परावर्तित करून काही सेंटिमीटरची लबाडी करते. झाडे वाढतात, हे तर सगळ्यांना माहीत असून विसरले जाते.

तिसरा निरोपाचा मार्ग. स्थानकाची माहिती सेकंदाला एक-दोन किलोबाइटपेक्षा जास्त नसते. मार्ग बारीक चालेल, पण तो मोबाइल मनोऱ्यावर अवलंबून नको. हादऱ्यात पहिल्यांदा तेच मनोरे गुदमरतात.

चौथे दुखणे खास आपल्या अक्षांशांचे. चुंबकीय विषुववृत्ताजवळ सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत आयनांबरात बुडबुड्यांसारखी विरळ क्षेत्रे उठतात आणि संकेत लुकलुकतो. मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि सूर्य जास्त सक्रिय असलेली वर्षे यांत हे वाढते. लहरींची मोजणी मध्येच तुटते आणि जागा एकदम उडी मारते. जपानमध्ये चांगली चाललेली आज्ञावली इथे जशीच्या तशी लावली तर संध्याकाळी सातनंतर ती खोटे भूकंप दाखवू शकते.

खोटा इशारा कसा टाळतात?

नियंत्रण कक्षात उपयोगी पडणारा ठोकताळा असा: एकच स्थानक हलले तर स्थानक बिघडले. सगळी स्थानके एकाच क्षणी एकाच दिशेला हलली तर दुरुस्त्यांचा प्रवाह बिघडला. केंद्रापासून बाहेरच्या बाजूला एकामागून एक हलली तर भूकंप. आज्ञावलीतही हेच लिहिलेले असते: एस लहर पोहोचायच्या आधीचे कुठलेही विस्थापन मोजायचे नाही आणि भूकंपमापकांनी दुजोरा दिल्याशिवाय आकडा बाहेर सोडायचा नाही.

उपग्रह संकेतांवरून समुद्रातली त्सुनामी थेट दिसते, हे खरे का?

दोन मार्गांनी. पहिला साधा: समुद्रात नांगरलेल्या तरंगकावर (बॉयावर) अँटेना. २०११ मध्ये कामाइशीच्या समोर अशा तरंगकाने पाणी ६.७ मीटर वर चढलेले नोंदले, आणि इशारा वाढवताना त्याचाच आधार झाला.

दुसरा मार्ग आयनांबराचा. समुद्राचा पृष्ठभाग वर-खाली झाला की हवेत लहरी उठतात. वर हवा विरळ होत जाते तशी त्यांची उंची वाढत जाते, आणि आठ-दहा मिनिटांत पहिल्या लहरी आयनांबर हलवतात. तिथून येणाऱ्या संकेताचा उशीर बदलतो. म्हणजे जागा काढताना जी चूक आपण झटकून टाकतो, तीच इथे बातमी ठरते. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची ‘गार्डियन’ ही यंत्रणा यावर चालते. जुलै २०२५ मध्ये कामचात्काच्या ८.८ च्या भूकंपानंतर लाट हवाईला पोहोचण्याच्या अर्धा तास आधी तिने खूण टिपली होती. जवळच्या किनाऱ्याला मात्र याचा उपयोग नाही. तिथे लाट आधी पोहोचते.

कोकण, मुंबई, कोयना, किल्लारी: आपल्याकडे याचा फायदा कितपत?

कोयना (१९६७) किंवा किल्लारी (१९९३) यांसारख्या भूकंपांना जवळपास नाही. ६.२ च्या भूकंपाला ५० किलोमीटरवर कमाल विस्थापन सुमारे ४ सेंटिमीटर निघते, गोंगाटाच्या जेमतेम वर. आणि केंद्राच्या डोक्यावरच्या गावाला कुठल्याही यंत्रणेने वेळ मिळत नाही. तिथे घर मजबूत बांधणे हाच उपाय.

पश्चिम किनाऱ्याचा धोका मकरानचा, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यासमोरच्या गर्तेचा. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे तिथे ८.१ चा भूकंप झाला आणि लाट सकाळी मुंबईत पोहोचली. सुमारे दोन मीटर उंचीची नोंद आहे आणि माणसे वाहून गेली. मधे चार-पाच तास होते. त्सुनामीचा वेग खोलीवर ठरतो: ४,००० मीटर खोलीत ताशी ७०० किलोमीटरच्या वर, ५० मीटरमध्ये ताशी ८०. मुंबईसमोरचा उथळ समुद्र तिला हळू करतो. एवढ्या वेळात दाबमापक आणि भरतीमापकही बोलतात, त्यामुळे इथे जीएनएसएस सोयीची आहे. पोर्ट ब्लेअरला ती गरजेची आहे.

नाविक उपग्रह मच्छीमारांना इशारे देतात, ते हेच का?

ते वेगळे काम. नाविकमधून आणि गगन या भारतीय उपग्रह-यंत्रणेवर चालणाऱ्या ‘जेमिनी’ उपकरणातून मोबाइलच्या टप्प्याबाहेरच्या होड्यांना निरोप जातो. तिथे उपग्रह टपालवाला असतो, मोजपट्टी नव्हे. त्सुनामीचा निरोप खोल समुद्रात मिळाला तर बंदराकडे धावू नये. खोल पाण्यात लाट जाणवतही नाही, मारते ती किनाऱ्याजवळ.

महाविद्यालयात याचा छोटा प्रयोग करता येईल का?

येईल. यू-ब्लॉक्स झेड-एफ९पी यासारखा दोन वारंवारितांचा स्वस्त ग्राहक, त्याला साजेसा अँटेना, एक छोटा संगणक आणि आरटीकेलिब ही मोफत आज्ञावली पुरते. अँटेना सरकत्या फळीवर बसवा, दुसरा ग्राहक किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्याची (सतत चालू असणाऱ्या जीएनएसएस स्थानकांची) दुरुस्ती वापरा, फळी झटकन १० सेंटिमीटर ढकला आणि आलेखात किती दिसते ते बघा. पट्टीने मोजलेले आणि आलेखातले यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आधी आजूबाजूचे परावर्तन तपासा.

फळी न हलवता सलग तीन दिवसांची नोंदही ठेवा. आलेखातल्या खोट्या उंचवट्यांची मालिका दुसऱ्या दिवशी सुमारे चार मिनिटे आधी परत येताना दिसेल, कारण जीपीएसचे उपग्रह आकाशात त्याच जागी २३ तास ५६ मिनिटांनी येतात. कालची नोंद चार मिनिटे सरकवून आजच्यातून वजा केली की गोंगाटाचा बराच भाग नाहीसा होतो.